संयुगाचे नाव काय सांगते आणि काय गाळते

पावसाळा सुरू झाला की मुंबईतल्या औषधांच्या दुकानांत ओआरएसची पाकिटे काउंटरवर पुढे येऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात चार पदार्थ असतात: १३.५ ग्रॅम अनहायड्रस (निर्जल) ग्लुकोज, २.६ ग्रॅम सोडियम क्लोराइड, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट. रसायनशास्त्र नुकतेच शिकू लागलेल्या मुलाने ही चार नावे नीट वाचली, तर त्याला प्रश्न पडायला हवा. सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड या नावांत एकही संख्या नाही, सायट्रेटच्या नावात मात्र आधी ‘ट्राय’ आणि शेवटी ‘डाय’ आहे, आणि ग्लुकोजच्या नावातून तर त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत याचाही पत्ता लागत नाही. एकाच पाकिटावर नावे लिहिण्याच्या इतक्या तऱ्हा कशासाठी?

शाळेत या प्रश्नाचे उत्तर सहसा हाती लागत नाही, कारण रासायनिक बंध हा एक धडा असतो आणि संयुगांची नावे व सूत्रे हा दुसरा. पहिल्या धड्यात ठिपके काढून इलेक्ट्रॉन दाखवायचे, दुसऱ्यात मूलकांचा तक्ता पाठ करायचा, आणि या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे हे लक्षात येईपर्यंत परीक्षा होऊन जाते. माझे सांगणे एवढेच आहे की नामकरणाचे नियम बंधातूनच निघतात. वाचणाऱ्याला बंधाच्या स्वरूपावरून जे स्वतःहून काढता येते ते नावात लिहिलेले नसते. जे काढता येत नाही तेच नाव सांगते. ही एक गोष्ट मनात ठेवली, की पाठांतराचा बराचसा भार उतरतो.

ही ताटातूट ऐतिहासिक आहे, हेही सांगायला हवे. पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्तोले आणि फूर्क्रुआ या चौघांनी १७८७ साली संयुगांच्या नामकरणाची पद्धतशीर योजना प्रसिद्ध केली. इलेक्ट्रॉनचा शोध त्यानंतर ११० वर्षांनी, १८९७ मध्ये लागला आणि बंध म्हणजे नेमके काय याचा आजच्या रूपातला विचार १९१६ साली सुरू झाला. म्हणजे नावे आधी आली आणि त्यांचे कारण सव्वाशेहून अधिक वर्षांनी कळले. तरीही त्या चौघांचे काम मोलाचे होते. मोरचूद, हिराकस आणि तुरटी ही तीन नावे घ्या. या तिन्ही पदार्थांत एक घटक समान आहे, हे नावांवरून कोणीही ओळखू शकणार नाही. कॉपर सल्फेट, फेरस सल्फेट आणि पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट असे म्हटले की ते तत्काळ दिसते.

अणू एकत्र का येतात

अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन कवचांमध्ये असतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे मांडलेले असतात, तर क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे. रासायनिक व्यवहारात भाग घेतात ते बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन. निऑन, अर्गॉन यांसारख्या राजवायूंच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात आणि हे वायू सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत, यावरून अष्टक स्थिती ही कल्पना पुढे आली. १९१६ साली अमेरिकेतील गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक वापरतात असे मांडले, आणि त्याच वर्षी जर्मनीतील वाल्टर कोसेल यांनी इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीतून आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, कसे बनतात याचे विवेचन केले. शाळेत शिकवले जाणारे सहसंयुज आणि आयनिक हे दोन बंध म्हणजे मुख्यतः या दोघांची देणगी.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो आणि क्लोरीनला तो हवा असतो’ हे वाक्य वर्गात सर्रास वापरले जाते. लक्षात ठेवायला ते सोयीचे असले, तरी कारण म्हणून ते अपुरे आहे. प्रत्यक्ष आकडे पाहा. वायुरूपातील एक मोल (अणू-रेणूंच्या ठरावीक संख्येचे माप), म्हणजे २३ ग्रॅम, सोडियमच्या प्रत्येक अणूतून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारले की सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटाच आहे. सोडियम आनंदाने इलेक्ट्रॉन देत नाही. तो त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो. मग मीठ बनतेच कसे? धनप्रभारित सोडियम आणि ऋणप्रभारित क्लोराइड हे विलग आयन जवळ येऊन स्फटिकात रचले जातात, तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. सारा फायदा तिथे आहे. आयनिक संयुग टिकते ते स्फटिकाच्या रचनेमुळे, आणि आठ इलेक्ट्रॉनांचा नियम हा त्या फायद्याकडे बोट दाखवणारा एक ढोबळ नियम आहे.

त्या स्फटिकात मिठाचा ‘रेणू’ शोधू गेले तर सापडत नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम आयन, अशी ती मांडणी तिन्ही दिशांना पसरत जाते. वडाळा, भांडुप किंवा वसईच्या मिठागरातला खडा भिंगाखाली धरला तर त्याच्या काटकोनी कडा दिसतात. डोळ्याला दिसणारा तो चौकोनीपणा म्हणजे आतल्या मांडणीचेच बाहेर आलेले रूप आहे. या रचनेत कोणता सोडियम कोणत्या क्लोराइडचा, हे सांगता येत नाही. सांगता येते ते फक्त प्रमाण: एकास एक. म्हणून आयनिक संयुगाचे सूत्र हे आयनांच्या प्रमाणाचे सूत्र असते. विरुद्ध प्रभारांचे आकर्षण सगळीकडे सारखेच प्रबळ असल्यामुळे मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. साखर कढईत पाघळते आणि करपते, मीठ त्याच आचेवर तसेच राहते, याचे कारण हेच.

मिठागराचा उल्लेख आलाच आहे, तर तिथे घडणारी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. खाडीचे पाणी उन्हात आटत जाते तेव्हा त्यातले सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियमचे क्षार, त्यांत जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, वेगळे होतात. मग सोडियम क्लोराइड. आणि शेवटी उरणाऱ्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. हे कडवट पाणी नीट काढून टाकले नाही, तर खड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहून जाते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाणी ओढून पाझरत नाही, मॅग्नेशियम क्लोराइड मात्र सुमारे ३३ टक्क्यांनाच ते करू लागते. मॅग्नेशियम आयन आकाराने लहान आणि दुप्पट प्रभाराचा असल्यामुळे पाण्याच्या रेणूंना तो फार जोराने ओढतो. मुंबईच्या जुलैमध्ये बरणीतल्या मिठाला पाणी का सुटते, याचे उत्तर असे आयनाच्या आकारात आणि प्रभारात आहे.

प्रभार ठरलेला असेल तर संख्या कशाला?

आता नावाकडे वळू. मॅग्नेशियमच्या आयनावर नेहमी दोन धनप्रभार असतात आणि क्लोराइडवर एक ऋणप्रभार. संपूर्ण पदार्थ विद्युतदृष्ट्या उदासीन असलाच पाहिजे, म्हणून एका मॅग्नेशियममागे दोन क्लोराइड असणार, यात दुसरा पर्यायच नाही. मग ‘मॅग्नेशियम डायक्लोराइड’ म्हणण्याची गरज उरत नाही. ‘मॅग्नेशियम क्लोराइड’ म्हटले की सूत्र ठरले. अ‍ॅल्युमिनियमवर तीन धनप्रभार, ऑक्साइडवर दोन ऋणप्रभार. दोहोंचा मेळ सहावर बसतो, म्हणून दोन अ‍ॅल्युमिनियम आणि तीन ऑक्साइड. नाव फक्त ‘अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड’. शाळेत शिकवला जाणारा संयुजांचा, म्हणजे प्रभारांच्या आकड्यांचा, तिर्यक गुणाकार हा या मेळ बसवण्याचाच झटपट मार्ग आहे, आणि विद्यार्थ्याने तो वापरण्यापूर्वी प्रभारांची बेरीज शून्य होते आहे हे निदान काही वेळा हाताने करून पाहावे असे मला कळकळीने वाटते. आवर्तसारणीतला गट कळला की मुख्य गटांतल्या धातूंचा प्रभार कळतो: पहिल्या गटात एक, दुसऱ्यात दोन. अधातूंकडे सतराव्या गटात एक ऋण, सोळाव्यात दोन. नावाचा क्रम ठरलेला असतो: आधी धन आयन, मग ऋण आयन, आणि एकाच अणूच्या ऋण आयनाच्या नावाला ‘आइड’ हा प्रत्यय.

अडचण येते ती लोह, तांबे, पारा अशा धातूंपाशी. लोहाचा आयन दोन धनप्रभारांचाही असतो आणि तीन धनप्रभारांचाही. नुसते ‘आयर्न क्लोराइड’ म्हटले तर एका लोहामागे दोन क्लोराइड की तीन, हे वाचणाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणून येथे नावाला बोलावेच लागते. जुन्या पद्धतीत कमी प्रभाराला ‘फेरस’ आणि जास्त प्रभाराला ‘फेरिक’ म्हणत. रक्तवाढीच्या गोळ्यांवर आजही ‘फेरस सल्फेट’ असे वाचायला मिळते, आणि ते नेमके लिहिण्याला अर्थ आहे, कारण फेरस रूपातले लोह आतड्यात फेरिकपेक्षा चांगले शोषले जाते. नव्या पद्धतीत प्रभार कंसात रोमन अंकाने लिहितात आणि वाचताना ‘आयर्न टू क्लोराइड’, ‘आयर्न थ्री क्लोराइड’ असे म्हणतात. ही पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांच्या नावाने ओळखली जाते. हा अंक अणूंची संख्या सांगत नाही, प्रभार सांगतो. विद्यार्थी इथे हमखास घसरतात: आयर्न थ्री ऑक्साइडमध्ये लोहाचे अणू तीन आहेत असे समजतात, प्रत्यक्षात त्यात दोन लोह आणि तीन ऑक्सिजन असतात.

हा एक अंक किती महत्त्वाचा असू शकतो, हे पाऱ्यावरून कळते. मर्क्युरी वन क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि एकेकाळी ते जुलाबाचे औषध म्हणून दिले जाई. मर्क्युरी टू क्लोराइड पाण्यात विरघळते आणि अत्यंत घातक विष आहे. दोन्हींत मूलद्रव्ये तीच.

भागीदारीतले बंध

दोन अधातू एकत्र येतात तेव्हा दोघांपैकी कोणाचाही इलेक्ट्रॉन पूर्णपणे काढून घेणे परवडत नाही. मग इलेक्ट्रॉनांची जोडी दोन्ही केंद्रकांच्या मध्ये राहते, दोन्ही केंद्रके तिच्याकडे ओढली जातात आणि त्या ओढीने अणू एकत्र बांधले जातात. हा सहसंयुज बंध. मुंबईतल्या अनेक स्वयंपाकघरांत पाइपने येणारा वायू मुख्यतः मिथेन असतो. त्यात कार्बनचा एक अणू हायड्रोजनच्या चार अणूंशी अशा चार जोड्यांनी बांधलेला असतो. मिठाच्या उलट, येथे रेणू खरोखर वेगळा, सुटा असतो. रेणूच्या आतले बंध मजबूत असतात, पण एका रेणूचे दुसऱ्याशी असलेले आकर्षण फारच क्षीण असते, म्हणून मिथेन साध्या तापमानाला वायू असतो.

त्याच शेगडीवर एक मोठा गैरसमज दूर करता येतो. ‘बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते’ असे पुष्कळ जण धरून चालतात. हे अगदी उलटे आहे. बंध तोडायला नेहमीच ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ती बाहेर पडते. एक मोल, म्हणजे १६ ग्रॅम, मिथेन जळताना त्यातले कार्बन-हायड्रोजन बंध आणि लागणाऱ्या ऑक्सिजनचे बंध तोडण्यासाठी मिळून सुमारे २,६५० किलोज्यूल खर्च होतात. नंतर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे नवे बंध जुळताना सुमारे ३,४५० किलोज्यूल मिळतात. पातेले तापते ते या दोहोंतल्या सुमारे ८०० किलोज्यूलच्या फरकावर. शेगडी पेटवायला ठिणगी का लागते, हेही यातच आले: पहिले काही बंध तोडण्याचा खर्च कोणीतरी आधी करावा लागतो.

सहसंयुज संयुगांच्या नावात संख्या का असतात, हे आता सांगता येईल. आयनांचे प्रभार जसे एकच प्रमाण लादतात, तशी सक्ती येथे नसते. तेच दोन अधातू वेगवेगळ्या प्रमाणांत बांधले जाऊ शकतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचीच उदाहरणे पाहा: डायनायट्रोजन मोनॉक्साइड, नायट्रोजन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, डायनायट्रोजन ट्रायऑक्साइड, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड, डायनायट्रोजन पेंटॉक्साइड. यांतला पहिला भूल देण्यासाठी वापरला जातो, तिसरा वाहनांच्या धुरात आढळणारा तांबूस तपकिरी, फुप्फुसांना जाचक वायू आहे. येथे ‘नायट्रोजन ऑक्साइड’ एवढेच म्हणणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे होईल. म्हणून मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा ही ग्रीक वळणाची संख्यापदे. पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर तेथे ‘मोनो’ लावत नाहीत, एवढाच अपवाद.

मुंबईकरांना हा फरक कळणे किती गरजेचे आहे, हे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरवरून समजावे. पुरेशी हवा मिळाली तर मिथेनमधल्या कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड बनतो. हवा कमी पडली तर काही भाग कार्बन मोनॉक्साइडवरच थांबतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बांधला जातो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. नावातला फरक ‘डाय’ आणि ‘मोनो’ एवढाच असला, तरी खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर लावू नये या सूचनेचे मूळ तिथेच आहे.

भागीदारी म्हटली तरी ती समसमान असेलच असे नाही. सामाईक जोडी आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात, आणि लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली तिच्यासाठी एक मोजपट्टी दिली. तिच्यावर फ्लोरिन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२० आणि सोडियम ०.९३ असे बसतात. ही एक रस्सीखेच समजा: दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तर दोरीची खूण मध्यावर राहते, एक बाजू थोडी वरचढ असेल तर तिकडे सरकते, आणि फारच वरचढ असेल तर दोरी हातातून सुटते, म्हणजे इलेक्ट्रॉन पूर्णपणे एकाकडे जातो आणि आयन तयार होतात. पाण्याच्या रेणूत जोडी ऑक्सिजनकडे सरकलेली असते, म्हणून ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार येतो; रेणूचा आकार सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला असल्यामुळे ते प्रभार एकमेकांना खोडून काढत नाहीत. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. पाण्याचाच भाऊबंद असलेला, पण ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांना उकळतो. या ओढीमुळे पाणी मात्र १०० अंशांपर्यंत द्रवच राहते.

दोन विद्युतऋणतांतला फरक १.७ पेक्षा जास्त असेल तर बंध आयनिक, असा एक नियम पुस्तकांतून आढळतो. तो अंदाजासाठी ठीक आहे, पण भिंत म्हणून वापरू नये. हायड्रोजन आणि फ्लोरिन यांतला फरक १.७८ आहे, तरीही हायड्रोजन फ्लोराइड हा सुट्या रेणूंचा पदार्थ आहे आणि सुमारे २० अंशांनाच उकळतो. उलट, कोरड्या अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे नाव धातू-अधातूच्या रिवाजाने ठेवले असले, तरी ते सुमारे १८० अंशांना सरळ वाफ होऊन उडते, जे कोणतेही नेहमीचे आयनिक संयुग करणार नाही. निसर्गात आयनिक आणि सहसंयुज अशी दोन बंद दालने नाहीत. नावांच्या पद्धती मात्र दोनच असल्यामुळे सीमेवरच्या संयुगाला कोणत्या तरी एका बाजूला बसवावे लागते.

पाणी आणि अमोनिया यांना या नियमांतून सूट आहे. ती नावे इतकी रूढ आहेत की नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघानेही ती तशीच ठेवली. ग्लुकोजचेही तसेच, कार्बनी संयुगांचे नामकरण हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, तो येथे उघडत नाही.

आत एक बंध, बाहेर दुसरा

मुंबईच्या जुन्या वस्त्यांत कल्हईवाला आला तर त्याचे काम थांबून पाहावे. तो पितळेचे भांडे निखाऱ्यांवर तापवतो, आतून नवसागराची पूड टाकतो, नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठतो, आणि लगेच कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने वितळलेला थर फिरवतो. काळवंडलेले भांडे आतून चकचकीत पांढरे होते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यात नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू आपसात सहसंयुज बंधांनी बांधलेले असतात, आणि तो सगळा गट मिळून एक धनप्रभार धारण करतो. हा अमोनियम गट आणि क्लोराइड यांच्यातला बंध आयनिक असतो. भांडे तापले की नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड धातूवरच्या ऑक्साइडचा थर साफ करतो, म्हणून कथील घट्ट धरते. आणि वर थंड हवेत दोन्ही वायू पुन्हा एकत्र येऊन नवसागराचेच बारीक कण बनतात. तो पांढरा धूर हाच.

कथील आणि पितळ यांतला बंध तिसऱ्या प्रकारचा, धात्विक. बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे न राहता सगळ्या धातूत मोकळे फिरतात, म्हणून धातू वीज वाहतात आणि ठोकले तरी तुटत नाहीत. पितळात तांबे आणि जस्त यांचे प्रमाण गरजेप्रमाणे बदलता येते. प्रमाण ठरलेले नाही, म्हणून पितळाला संयुगासारखे नाव किंवा सूत्रही नाही.

अमोनियमसारख्या गटांना संमिश्र मूलके म्हणतात, आणि येथे काही पाठांतर खरोखरच करावे लागते. अमोनियम, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, कार्बोनेट, सल्फेट, फॉस्फेट अशी दहा-बारा मूलके त्यांच्या प्रभारांसह मुखोद्गत असावीत; त्यापलीकडचे तर्काने काढता येते. ‘एट’ आणि ‘आइट’ या प्रत्ययांचा अर्थ सापेक्ष आहे: एटमध्ये ऑक्सिजन जास्त, आइटमध्ये कमी. किती, हे प्रत्यय सांगत नाही. सल्फेटमध्ये ऑक्सिजनचे चार अणू, सल्फाइटमध्ये तीन. नायट्रेटमध्ये तीन, नायट्राइटमध्ये दोन. हा या पद्धतीतला खरा दोष आहे आणि विद्यार्थ्यापासून तो लपवू नये. क्लोरीनच्या बाबतीत चार पायऱ्या असल्यामुळे आणखी दोन उपसर्ग लागले: हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट, परक्लोरेट, अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार ऑक्सिजन, प्रभार मात्र चौघांवरही एकच ऋण.

आता सायट्रेटचा उलगडा होतो. लिंबातल्या सायट्रिक आम्लात सोडून देता येण्याजोगे तीन हायड्रोजन असतात. त्यांतला एक, दोन किंवा तिन्ही सोडियमने बदलता येतात, म्हणजे तीन वेगवेगळे क्षार संभवतात. आयनिक संयुग असूनही येथे प्रमाण आपोआप ठरत नाही, म्हणून ‘ट्राय’ लिहिणे भाग आहे. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांतला फरकही असाच: पहिला सोडियम हायड्रोजन कार्बोनेट, त्यात एक हायड्रोजन राहिलेला, दुसरा सोडियम कार्बोनेट, त्यात एकही नाही. सायट्रेटच्या नावातले शेवटचे ‘डायहायड्रेट’ म्हणजे स्फटिकात प्रत्येक सूत्रामागे पाण्याचे दोन रेणू. मोरचूदात असे पाच असतात. तापवून ते घालवले की निळे मोरचूद पांढरे पडते.

हे तपशील केवळ शिस्तीखातर नाहीत. २.९ ग्रॅम डायहायड्रेट म्हणजे सुमारे १० मिलिमोल, आणि प्रत्येक सायट्रेटमागे तीन सोडियम असल्यामुळे त्यातून ३० मिलिमोल सोडियम मिळते. २.६ ग्रॅम सोडियम क्लोराइडमधून सुमारे ४५ मिलिमोल. बेरीज ७५, आणि एका लिटरमागे नेमके तेवढेच सोडियम जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राला अपेक्षित आहे. डायहायड्रेटच्या जागी कोणी निर्जल क्षार तेवढाच तोलून घातला, तर सायट्रेट ११ मिलिमोलच्या वर जाईल आणि हिशेब चुकेल. पाण्याच्या दोन रेणूंचे वजन नावात धरलेले आहे म्हणून मात्रा बरोबर येते.

आम्लांची नावेही याच प्रत्ययांवर चालतात. ज्या आम्लापासून एट मिळतो त्याला ‘इक’, ज्यापासून आइट मिळतो त्याला ‘अस’: सल्फ्युरिकपासून सल्फेट, सल्फ्युरसपासून सल्फाइट. ऑक्सिजन नसलेल्या आम्लांच्या नावाआधी ‘हायड्रो’ लागतो, म्हणून क्लोराइडचे आम्ल हायड्रोक्लोरिक. हायपोक्लोराइटचे आम्ल मात्र आधीच्या नियमाने हायपोक्लोरस. घरातल्या सफाईच्या कपाटात या दोन्ही घराण्यांचे प्रतिनिधी शेजारी शेजारी असतात: ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेले असते आणि संडास साफ करण्याच्या अनेक द्रावणांवर हायड्रोक्लोरिक आम्ल. हायपोक्लोराइटमधल्या क्लोरीनचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढले गेलेले असतात, तर क्लोराइडकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो. आम्लाच्या सान्निध्यात दोघांची गाठ पडली की हा असमतोल मिटतो आणि दोन्हीकडच्या क्लोरीनचा मिळून क्लोरीन वायू बनतो, जो डोळे आणि फुप्फुसे भाजतो. ही दोन द्रावणे कधीही एकत्र ओतू नयेत. चुकून एकत्र झालीच, तर दार उघडे टाकून आधी बाहेर पडावे आणि वास पूर्ण गेल्याशिवाय पुन्हा आत जाऊ नये.